कॅनेडियन होणे म्हणजे नेमके काय?

प्रश्न : माझा मुलगा बऱ्याच वर्षांपासून टोरांटोजवळ ब्रॅम्प्टन येथे राहतो. अलीकडेच त्याने कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. त्या देशात सगळेच बाहेरून आलेले, प्रत्येकाची भाषा, सणवार आणि जेवणखाण निराळे. मग ‘कॅनेडियन’ होणे यात पासपोर्ट बदलण्यापलीकडे काय असते? मुलाला विचारले, तर ‘तसं काही नसतं गं आई’ म्हणून तो विषय संपवतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे मला पटत नाही. मी स्वतः ऑन्टारिओत, म्हणजे ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे तिथेच, राहते आणि ही ओळख खरी आहे, असे माझे ठाम मत आहे; मात्र ती भाषेत, धर्मात किंवा पेहरावात शोधायला गेलो, तर सापडत नाही. कॅनडाचे स्वतंत्र नागरिकत्व कायद्याने अस्तित्वात आले तेच मुळी १ जानेवारी १९४७ रोजी, आणि मेपलच्या पानाचा ध्वज फडकला १९६५ मध्ये. इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषांना संघराज्याच्या अधिकृत भाषांचा कायदेशीर दर्जा १९६९ मध्ये मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांनी पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण म्हणून जाहीर केले आणि १९८८ मध्ये त्याचा कायदा झाला. आपल्या मुलाने घरी गणपती बसवला, म्हणून तो कमी कॅनेडियन ठरत नाही, याचा कायदेशीर आधार हा आहे. हे औदार्य पूर्वापार चालत आले होते, असे मात्र समजू नये. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाजातून व्हँकुव्हरला पोहोचलेल्या भारतीयांना, त्यांत बहुसंख्य शीख होते, सुमारे दोन महिने बंदरात ताटकळत ठेवून परत पाठवण्यात आले. त्याबद्दल संसदेत माफी मागितली गेली ती २०१६ मध्ये.

रोजच्या जगण्यात ही ओळख मला सर्वांत स्पष्ट दिसते ती दवाखान्यात. ऑन्टारिओत छायाचित्र असलेले आरोग्यपत्र प्रत्येकाच्या पाकिटात असते. स्वागतकक्षात ते दाखवायचे, तपासणी करून घ्यायची आणि घरी जायचे. बिलाची खिडकी नसते, ‘आधी अनामत भरा’ असे कोणी म्हणत नाही. सस्कॅचेवान प्रांतात, तिथले प्रीमियर म्हणजे मुख्यमंत्री राहिलेले टॉमी डग्लस यांच्या पुढाकारातून आकाराला आलेली सार्वजनिक वैद्यकीय विम्याची योजना १९६२ मध्ये सुरू झाली आणि तिचेच तत्त्व पुढे देशभर स्वीकारले गेले. २००४ मध्ये सीबीसी या सार्वजनिक वाहिनीने सर्वश्रेष्ठ कॅनेडियन कोण, याचा कौल घेतला, तेव्हा लोकांनी निवडले ते याच डग्लस यांना. देशाने आपला सर्वांत थोर माणूस म्हणून आरोग्यसेवा देणाऱ्या नेत्याला मान द्यावा, यात त्या समाजाचे मन दिसते. व्यवस्थेत उणिवा आहेत आणि त्या गंभीर आहेत: तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाण्यासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, आणि अनेकांना कुटुंबाचा असा डॉक्टरच मिळत नाही. तरीही शेजाऱ्याच्या आजारपणाचा खर्च आपल्या करातून भागतो, हे लोकांनी मनापासून मान्य केलेले आहे.

हिवाळ्यातही हेच दिसते. नगरपालिकेची गाडी रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारत पुढे जाते, तेव्हा प्रत्येक घराच्या वाटेच्या तोंडाशी चिखलमिश्रित, जड बर्फाचा बांध उरतो. ताज्या भुसभुशीत बर्फापेक्षा तो उपसणे कितीतरी कठीण असते; रात्री गोठला तर फावडेही नीट लागत नाही. अशा सकाळी आपली वाट मोकळी करून झाल्यावर शेजारच्या वृद्धांच्या दारापुढचा बांधही कोणी तरी न सांगता काढून टाकतो. आपल्या मुलानेही हे नक्की केले असेल. त्याला त्याचे विशेष वाटत नसेल, एवढेच.

आता आपल्या प्रश्नातील एका वाक्याविषयी. कॅनडात सगळेच बाहेरून आलेले नाहीत. फर्स्ट नेशन्स आणि इन्युइट हे तिथले मूळचे लोक, आणि मूलनिवासी व युरोपीय अशा मिश्र वंशाचा मेटी हाही संविधानाने मान्य केलेला मूलनिवासी समाज. ब्रॅम्प्टन ज्या भूमीवर वसले आहे, ती १८१८ च्या करारान्वये मिसिसागा या मूलनिवासी लोकांकडून ब्रिटिश राजसत्तेकडे गेली. या समाजांची मुले आईवडिलांपासून तोडून सरकार आणि चर्च यांच्या निवासी शाळांत ठेवली गेली, त्यांची भाषा हिरावली गेली आणि हजारो मुले तिथेच दगावली. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यांतील एकीनुसार २०२१ मध्ये नागरिकत्वाच्या शपथेत बदल झाला, आणि मूलनिवासींचे हक्क व त्यांच्याशी झालेले करार मान्य करणारे संविधान पाळण्याचे वचन तिच्यात आले. आपल्या मुलाने हे वचन स्वतःच्या तोंडाने दिले आहे. ‘ते आमच्या येण्याआधीचे, आमचा काय संबंध?’ असे आपल्या मराठी मंडळींत पुष्कळदा ऐकू येते, आणि ते मला फार खटकते. त्या करारांमुळे मोकळ्या झालेल्या जमिनीवर आपण घरे घेतली आहेत. तेव्हा त्या करारांचे देणेही आपल्याकडे आलेच. ३० सप्टेंबरला तिथे निवासी शाळांतील मुलांच्या स्मरणार्थ नारिंगी सदरे घालतात. त्या दिवशी मुलाला फोन करून त्याने काय केले, हे आपण जरूर विचारावे.

प्रश्न : माझी भाची लवकरच नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहे. त्यानंतर तिचे भारताशी कायदेशीर नाते उरते का? – एक वाचक, सांगली

उत्तर : उरते, पण बदललेल्या रूपात. अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात वास्तव्य झालेले असावे लागते. १८ ते ५४ वयाच्या अर्जदारांना २० प्रश्नांची परीक्षा असते आणि त्यांपैकी १५ उत्तरे बरोबर यावी लागतात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून शपथेनंतर तिला भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल. मग २००५ पासून सुरू असलेल्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी तिने अर्ज करावा. त्यावर व्हिसाशिवाय कितीही काळ भारतात येऊन राहता येते; मतदान मात्र करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली शेती ठेवता येते.