भेट मिळालेला अजगर आणि न कळवलेला ताबा

सोलापूरच्या होटगी रस्ता परिसरातील एका वाचकाने लिहिले आहे की, पुण्यातील त्यांचा मित्र नोकरीसाठी परदेशी निघाला असून त्याने पाळलेला बॉल पायथन जातीचा अजगर चार महिन्यांपूर्वी त्यांच्या स्वाधीन केला, पैसे घेतले नाहीत, आणि सोबत २०२० सालच्या एका पोचपावतीची छायाप्रत दिली. आता शेजारी वनखात्याकडे तक्रार करण्याची भाषा करीत आहेत, मित्र या महिनाअखेरीस निघतो आहे, आणि साप तीन आठवडे जेवलेला नाही. त्याला ठेवता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे. कोणाकडे पोपट, कोणाकडे इग्वाना, एवढाच फरक असलेली अशी पत्रे वरचेवर येतात आणि त्या सर्वांत चूक एकच असते. प्राणी आधी घरी येतो, कागदाची आठवण शेजारी भांडल्यावर होते.

हा साप भारतीय अजगर नाही, असे मी गृहीत धरतो. जाणकाराला छायाचित्र दाखवून तेवढी खात्री आजच करून घ्या, कारण भारतीय अजगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तो निघाला तर खालील सल्ला आपल्या उपयोगाचा नाही. मग विनाविलंब वनखात्याला कळवणे एवढेच उरते.

बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बिनविषारी साप आहे आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असल्यामुळे तो आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो. ही अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने नव्याने घातली गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. जुन्या पुस्तकांतील चौथी अनुसूची वेगळी होती, तेव्हा ती वाचून कोणी काही सांगत असेल तर ऐकू नका. आपल्या प्रकरणाचा निकाल कलम ४९ एम मधील एका शब्दप्रयोगावर लागणार आहे. या अनुसूचीतील जिवंत प्राण्याचा ताबा ‘कोणत्याही मार्गाने’ दुसऱ्याकडे देणाऱ्याने ते हस्तांतरण प्राधिकाऱ्याला कळवले पाहिजे, असे ते कलम सांगते. आपण पत्रात दोनदा लिहिले आहे की, हा व्यवहार नव्हता, मैत्रीखातर दिलेली वस्तू होती. कायद्याने विक्री आणि भेट यांत येथे भेदच ठेवलेला नाही. ताबा बदलला की कळवण्याचे कर्तव्य निर्माण झाले, आणि ते प्रथम आपल्या मित्राचे आहे.

म्हणून मित्राला एकच गोष्ट विचारा: त्याच्या नावावर नोंदणी प्रमाणपत्र आहे का? २०२० ची पोचपावती म्हणजे ते प्रमाणपत्र नव्हे. त्या वर्षी जूनमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांच्या आत स्वेच्छेने माहिती देण्याची संधी दिली होती. ती पावती त्या वेळी ताबा कोणाचा होता हे दाखवायला उपयोगी पडेल, ती जपून ठेवा, पण त्यापलीकडे तिच्यावर विसंबू नका. खरी नोंदणी २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी आली. आधीपासून ताबा असणाऱ्यांना परिवेश २.० या संकेतस्थळावरून अर्ज करण्यासाठी सहा महिने, म्हणजे २८ ऑगस्ट २०२४ पर्यंतची मुदत होती, आणि त्यानंतर ताब्यात येणाऱ्या प्राण्यासाठी ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांची. आपले ३० दिवस कधीच उलटून गेले. साप घेताना ज्या मैत्रीवर आपण विश्वास टाकला, तिनेच अर्ध्या तासाचे हे काम चार महिने अडवून ठेवले, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे.

प्रमाणपत्र असेल, तर मित्राने विमानात बसण्यापूर्वी हस्तांतरणाची माहिती सादर करावी आणि आपण उशिराचे कारण देऊन आपल्या नावाने नोंदणी मागावी. दोघेही महाराष्ट्रातच असल्याने अर्ज एकाच मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो, ही आपल्या बाजूची सोय आहे. मित्र परदेशी गेला की तीही संपली. प्रमाणपत्र नसेल, तर गोष्ट अवघड आहे, तरी लपवण्यापेक्षा वकिलामार्फत सोलापूरच्या उपवनसंरक्षकांना लेखी कळवणे मला अधिक सुरक्षित वाटते. प्राणी परत मागितला जाण्याची शक्यता त्यात आहे आणि ती आपण स्वीकारलेली असावी. स्वतःहून कळवणाऱ्याकडे अधिकारी आणि न्यायालय बहुधा वेगळ्या नजरेने पाहतात, याहून अधिक आश्वासन मी देणार नाही.

भेट दिल्याचा मागील तारखेचा मुद्रांक कागद करून घेण्याचा आपला विचार मात्र पूर्णपणे सोडा. हस्तांतरणाची खरी तारीख आपल्या दोघांच्या मोबाइलमधील संदेशांत आहे. खोटी तारीख लिहून आपण नोंदणीतील कसुरीला बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्याची जोड द्याल.

शिक्षेबद्दल आपण घाबरून विचारले आहे. या कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात काय होईल ते वस्तुस्थितीवर अवलंबून राहील. मला अधिक काळजी जप्तीची वाटते. जप्त झालेला प्राणी मुद्देमाल ठरतो आणि खटल्याच्या तारखांवर तारखा पडत असताना त्या मुक्या जिवाला रोज ऊब आणि पाणी लागतच असते. आपल्याकडच्या न्यायालयांची गती त्याच्या भुकेशी जुळत नाही, आणि याच कारणासाठी हे प्रकरण जप्तीपर्यंत जाऊ देऊ नये.

दरम्यानची काळजी घेणे हेही कायद्याचेच कर्तव्य आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० चे कलम ३ प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर ते टाकते. मालकी कोणाची याने फरक पडत नाही. थंडीत पेटीवर सोलापुरी चादर घालतो, असे आपण लिहिले आहे. साप स्वतःची उष्णता निर्माण करत नाही, त्यामुळे चादरीने त्याला ऊब मिळत नाही. पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश राहील, अशी तापमान नियंत्रक असलेली सोय करा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा प्रश्न उलटा होतो. ३५ अंशांपुढे त्याच्या जिवाला धोका संभवतो, आणि आपल्या कोरड्या हवेत कात अडकू नये म्हणून ओलावाही राखावा लागतो. जागा बदललेला बॉल पायथन काही आठवडे अन्न नाकारतो, हे अनेकदा घडते. वजन उतरू लागले तर मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाला दाखवा. वजन, अन्न, कात आणि उपचार यांची तारीखवार नोंदवही ठेवा, पाठीवरील नक्षीची छायाचित्रे काढा. प्रत्येक सापाची नक्षी वेगळी असल्याने अर्जातील प्राणी तोच आहे हे त्यावरून दाखवता येते.

वैतागून त्याला नान्नजच्या माळावर किंवा हिप्परग्याच्या तलावाकाठी सोडू नका. तो तेथे मरेल, आणि प्राणी वाऱ्यावर सोडल्याचा वेगळा आरोप आपल्यावर येईल. पेटीला आजच कुलूप लावा. पाळलेल्या प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये याची खबरदारी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, आणि पेटी बंद असल्याचे शेजाऱ्यांना दाखवता आले तर त्यांची निम्मी तक्रार तेथेच शमेल. मित्राच्या प्रमाणपत्राची प्रत मिळाली की, किंवा ते नाही असे कळले की, दोन्ही स्थितींत त्याच दिवशी सर्व संदेशांच्या प्रती घेऊन आपल्या वकिलांकडे जा.