सातबाऱ्यावर भात, जमिनीत तिवरं

प्रश्न : पेण तालुक्यात, खारेपाटात आमची 32 गुंठे वडिलोपार्जित जमीन आहे. सातबाऱ्यावर माझं आणि दोन भावांचं नाव, पीक भात. खाडीकडचा बांध फुटून बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हापासून उधाणाचं पाणी आत येतं आणि आता निम्म्या जमिनीत तिवरं (खारफुटीची झाडं) उभी आहेत. एक गिऱ्हाईक चांगला भाव देतंय. झाडं तोडून भराव तेच करणार, आम्ही फक्त संमतीपत्रावर सह्या करायच्या. भाऊ म्हणतात, जमीन आपली, झाडंही आपली. सही करू का?

उत्तर : ताई, सही करू नका.

तुमची मालकी शाबूत आहे, ती कोणी काढून घेतलेली नाही. पण सातबारा जमीन कुणाची ते सांगतो, तिच्यात आज काय उभं आहे ते सांगत नाही. पीकपाहणीत वर्षानुवर्षं ‘भात’ उतरत गेलं, जमिनीत मात्र खाडी शिरली. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात स्पष्ट सांगितलंय : जमीन खासगी असो की सरकारी, क्षेत्र कितीही असो, कांदळवन, म्हणजे तिवरांसारख्या खारफुटीचं वन, तोडता येणार नाही आणि त्याच्या चहूबाजूंनी 50 मीटरपर्यंत बांधकाम करता येणार नाही. सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी लागते.

आता तुमचा हिशेब करू. 32 गुंठे म्हणजे साधारण 3,200 चौरस मीटर. जमीन चौकोनी धरली तर एक बाजू 57 मीटरच्या आसपास. निम्म्यात तिवरं असतील तर उरलेली पट्टी 28-29 मीटर रुंद, म्हणजे सगळीच त्या 50 मीटरच्या आत. तिथे शेती करा, पण घर किंवा गोदाम होणार नाही. जमीन लांबट असेल तर हिशेब बदलेल, म्हणून आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या.

त्याआधी एकदा पूर्ण ओहोटीला स्वतः जाऊन या. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटाएवढी मुळं वर आलेली दिसतात. ती कुठवर पोचलीत ते बघा, रस्त्याकडच्या शेवटच्या रोपट्यापासून टेप लावा, तारखेसह फोटो काढा. बगळ्या-ढोकरींची घरटी दिसली तर तीही टिपा. वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची घरटी आणि अंडी विस्कटणंही येतं. मग अधिकृत संस्थेकडून तुमच्या गट नंबरावर भरतीरेषा आणि सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) दाखवणारा नकाशा करून घ्या. मात्र नकाशात कांदळवन दिसत नाही म्हणून प्रत्यक्ष उभं असलेलं तोडायची मोकळीक मिळत नाही.

भाऊ कदाचित म्हणतील की 2017 च्या पाणथळ नियमांतून भातशेती वगळली आहे. वगळली आहे, खरं. पण ते नियम सीआरझेडमधल्या जागांना लागूच नाहीत. तुमची अडचण सीआरझेडची आहे, त्यामुळे ती सवलत इथे उपयोगाची नाही.

संमतीपत्राचं मला सगळ्यात भय वाटतं. भराव पडला की पहिली नोटीस सातबाऱ्यावरच्या नावांना येते, आणि तोडायला संमती दिल्याचा पुरावा तुमच्याच सहीचा असतो. 1 एप्रिल 2024 पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 15 खाली दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड आहे. बांध घालून भरतीचं पाणी अडवलं तरी तिवर वाळतं, म्हणून तो मार्गही कुणी सुचवला तर ऐकू नका. शिवाय जमिनीतला असा दोष गिऱ्हाइकाला सांगणं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार तुमच्यावर बंधनकारक आहे. लपवलात तर उद्या तेच गिऱ्हाईक तुमच्यावर दावा लावेल.

तुमची चूक नसताना भातही गेलं आणि झाडालाही हात लावता येत नाही, हा खारेपाटातल्या कुटुंबांवर अन्यायच आहे. पण त्याची दाद गिऱ्हाइकाकडे नाही, बांधाची जबाबदारी असलेल्यांकडे मागायची. खारभूमी विभागाकडे माहिती अधिकारात विचारा : हा बांध आणि उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) तुमच्या योजनेत आहे का, शेवटची दुरुस्ती कधी झाली, फुटल्याच्या तक्रारी केव्हा आल्या? शेजारच्या शेतकऱ्यांनाही बरोबर घ्या. उत्तर हाती आलं की नुकसानभरपाईचा मार्ग तपासता येईल. तिवराच्या भागासाठी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे चौकशी करा. 2017 पासून त्यांची उपजीविका योजना आहे, तिच्यात खेकडापालन, जिताडापालन अशी कामं येतात.

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत यायला हवं. तोवर बयाणा घेऊ नका. भावांनी आधीच घेतला असेल तर तो चेकने परत करा आणि सोबत व्यवहार रद्द केल्याचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा.