‘ग्राहकाच्या जबाबदारीवर’ या चिठ्ठीवर सही करू का?

प्रश्न : मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो, अंबडच्या कंपनीत कामाला आहे. वडिलांच्या नावावर चार वर्षांची हॅचबॅक आहे, चालवतो मीच. गाडी खाली बसावी म्हणून ऑनलाइन अठरा हजारांच्या आखूड, लोअरिंग स्प्रिंगा मागवल्या. गॅरेजवाल्याने फिटिंगचे सहा हजार सांगितले, म्हणून मित्राला घेऊन पुढच्या दोन स्प्रिंगा पार्किंगमध्येच बसवल्या. आता स्टिअरिंग डावीकडे वळवलं की पुढून टण्ण असा आवाज येतो. तोच गॅरेजवाला मागच्या दोन बसवून पुढचंही नीट करून द्यायला तयार आहे. पण बिल देणार नाही म्हणतो, आणि ‘बदलाच्या नियमांची ग्राहकाला कल्पना दिली आहे, काम ग्राहकाच्या जबाबदारीवर’ अशा चिठ्ठीवर सही मागतो. सही करू, की मागच्याही घरीच बसवू? गॅरेजमध्ये केलं तर निदान जबाबदारी त्याची राहील ना?

उत्तर : सही करू नका. मागच्या स्प्रिंगाही बसवू नका, घरी नाही आणि गॅरेजमध्येही नाही. आणि या उत्तराचं पुढचं वाचायच्या आधी ती गाडी अंबडला न्यायची बंद करा.

तुमचा सगळा प्रश्न ‘पान्हा कुणाच्या हातात’ याभोवती फिरतोय. मोटार वाहन कायदा आधी मालक कोण ते पाहतो. कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांशी आरसीचा मेळ राहणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात याचा कडक अर्थ लावला : उत्पादकाचं मूळ स्पेसिफिकेशन बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. चार स्प्रिंगा म्हणजे एक बदल की चार, यावर वाद घालायला मला मनापासून आवडेल, पण तुमच्या वडिलांच्या खर्चाने नको. कारण आरसीवर नाव त्यांचं आहे, म्हणजे नोटीसही त्यांनाच येणार. मग ‘मी काही केलं नाही, मुलाने केलं’ असं त्यांना लिहून द्यावं लागेल. त्यांना हे सगळं माहीत आहे का, ते तुमच्या पत्रात कुठेच नाही.

बचावाला जागा नाही असं नाही. कायद्यातली ‘बदल’ची व्याख्या वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणाऱ्या रचनेतल्या बदलाची आहे, आणि स्प्रिंगांनी कमी होतो तो ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या बुडाची रस्त्यापासूनची उंची, आरसीवर छापलेला नसतो. मी तुमची वकील असेन तर हेच मांडेन. पण सीएनजी किटसाठी आणि अपंगांच्या गाड्यांसाठी कायद्याने जशी वाट काढून दिली आहे, तशी लोअरिंग स्प्रिंगसाठी दिलेली नाही. पेठ रोडच्या आरटीओत जाऊन ‘याची नोंद करून द्या’ म्हणायची सोय नाही.

आता चिठ्ठी. गॅरेजवाला भित्रा नाही, हुशार आहे, किंवा त्याला कुणीतरी हुशार माणूस भेटलाय. या कायद्यात ‘डीलर’च्या व्याख्येत वाहनदुरुस्ती करणाराही येतो, आणि कलम १८२-अ(१) प्रमाणे नियमाबाहेरचा बदल करणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख दंड होऊ शकतो. मात्र त्याच पोटकलमाला एक परंतुक आहे : गाडी नियमाशी कशी विसंगत आहे हे आपण समोरच्याला आधीच सांगितलं होतं, एवढं त्याने सिद्ध केलं तर त्याला दोषी ठरवता येत नाही. ‘कल्पना दिली आहे’ हे शब्द तिथून आलेत. म्हणजे त्या कागदाने तो सुटू शकतो, आणि हे चालत नाही हे आपल्याला माहीत होतं असा कबुलीजबाब तुमच्या अक्षरात तयार होतो. हा कागद तुम्ही सहा हजार देऊन विकत घेणार!

जबाबदारी त्याची राहील हा तुमचा समज अर्धा खरा आहे. सेवेत कसूर झाली तर ग्राहक आयोगात जाता येतं, आणि ‘ग्राहकाच्या जबाबदारीवर’ लिहिल्याने निष्काळजी काम माफ होत नाही. बिल न देणं हीसुद्धा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण तिथे त्याचा वकील पहिलंच विचारेल की मुळात बेकायदा कामाचा करार झाला असेल, तर त्यावर भरपाई कसली मागता? करार कायद्याचं कलम २३ तो हातात धरूनच उभा राहील. दुसरं, पुढचं काम आधी तुम्ही केलेलं. चूक कुणाच्या हातची, हे दाखवायचं ओझं तक्रारदारावर असतं, आणि तुमच्याकडे ना बिल ना फोटो.

आवाजाबद्दल. मी मेकॅनिक नाही, पण अपघाताच्या केसेसमुळे शॉकअप उघडलेला पाहिलाय. स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीतल्या पायरीला टेकून बसायला हवं. ते जागेवरून फिरलं असेल तर वळताना स्प्रिंग उडी मारते. आखूड स्प्रिंग तर चाक खड्ड्यात पूर्ण लोंबलं की सैल पडून बैठकीतून सरकूही शकते. नेमकं काय झालंय ते उघडल्यावरच कळेल. घरी उघडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. कायद्याच्या बाजूने सांगायचं तर, धोक्याचा दोष माहीत असून गाडी रस्त्यावर आणणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(१) खाली गुन्हा आहे, आणि तुमचा दोष तुम्ही मला लिहूनच कळवलाय. कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ येतं, पाच वर्षांपर्यंतची शिक्षा. ते चालवणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर.

विम्याचं थोडक्यात : धक्का लागलेल्या तिऱ्हाइताची भरपाई निव्वळ स्प्रिंगा बदलल्या म्हणून सहसा अडत नाही. अडते ती तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची. विमा कंपनीचा सर्व्हेअर चाकाच्या कमानीत मोबाइल घालून फोटो काढतो. क्लेम नाकारला, आणि बदलाचा अपघाताशी संबंध नसेल, तर भांडता येतं. पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करा. तिथे फी नाही आणि वकीलही चालत नाही, म्हणजे माझी फीसुद्धा वाचली.

तर करायचं हे : जुन्या स्प्रिंगा भंगारात दिल्या नसतील अशी आशा आहे. गाडी टोइंगने अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या, मूळ स्प्रिंगा बसवून व्हील अलाइनमेंट करून घ्या. पक्क्या बिलावर ‘मूळ स्प्रिंगा पुन्हा बसवल्या’ हे शब्द, तारीख आणि किलोमीटर लिहून मागा. उघडताना फोटो काढा. आणि त्याआधी वडिलांशी बोला.

अठरा हजारांचं काय? वापरलेल्या दोन स्प्रिंगा कुणी परत घेणार नाही. पण विक्रेत्याने ‘आरटीओ मान्य’ किंवा ‘पूर्ण कायदेशीर’ असं काही लिहून विकलं असेल, तर तो दिशाभूल करणारा दावा आहे. त्याची तक्रार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. त्या पानाचा स्क्रीनशॉट मात्र आजच काढा, नोटीस गेल्यावर ते वाक्य तिथे असेलच असं नाही.