वाचकांचे प्रश्न : टेबलावरच्या फोनला वायरलेस हेडसेट जोडताना

प्रश्न : सांगलीत आमचे करसल्लागाराचे कार्यालय आहे. रिटर्न भरण्याच्या दिवसांत आमच्या सहकारी बाई रिसीव्हर मान आणि खांदा यांत धरून दिवसभर टाइप करतात. आता त्यांची मान कायमची दुखू लागली आहे. पुतण्याने न्यू जर्सीहून येताना ऑफिसच्या फोनला जोडायचा वायरलेस हेडसेट आणला. खोक्यावर ‘डेक्ट ६.०’ असे छापले आहे आणि अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेची खूणही आहे. जोडून पाहिला, तर आम्हाला समोरच्याचे बोलणे ऐकू येते, पण आमचे त्याला ऐकू जात नाही. जोडणीत काय चुकले असेल? आणि तो इथे वापरायला परवानगी लागते का?

उत्तर : आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यावर पहिल्याचे उत्तर अवलंबून आहे. हा हेडसेट भारतात वापरू नका. त्याचा बेस, म्हणजे टेबलावर ठेवायचा मुख्य भाग, नुसता प्लगला लावून चालूही ठेवू नका.

‘डेक्ट ६.०’ ही जुन्या डेक्टची, म्हणजे बिनतारी फोन-हेडसेटच्या एका तंत्राची, सहावी, सुधारलेली आवृत्ती असावी असे नावावरून वाटते, पण ते केवळ अमेरिकेच्या बाजारातले विक्रीचे नाव आहे. खरा फरक लहरींच्या पट्ट्याचा आहे. युरोपातला डेक्ट १८८० ते १९०० मेगाहर्ट्‌झमध्ये चालतो, तर अमेरिकेतल्या डेक्टला १९२० ते १९३० मेगाहर्ट्‌झचा पट्टा दिलेला आहे. खोक्यावर मात्र दोन्हींच्या बाबतीत ढोबळपणे ‘१.९ गीगाहर्ट्‌झ’ एवढेच लिहिलेले असू शकते, आणि घोटाळा होतो तो तिथेच. भारतात १९२० ते १९८० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा मोबाइल सेवेसाठी ठेवलेला आहे. २०१० च्या लिलावात थ्रीजीसाठी जे स्पेक्ट्रम विकले गेले, त्यातला ग्राहकाच्या मोबाइलकडून टॉवरकडे जाणारा भाग याच पट्ट्यात येतो. टॉवरवरचा रिसीव्हर दूरवरच्या मोबाइलचा अतिशय क्षीण संदेश टिपण्यासाठी कान देऊन बसलेला असतो. त्याच लहरींवर समोरच्या इमारतीतल्या खिडकीजवळून तुमचा बेस सतत बोलू लागला, तर त्या परिसरातल्या लोकांचे कॉल तुटू शकतात, आणि त्याचे कारण तुमच्या टेबलावर आहे हे तुम्हाला कधी कळणारही नाही. पट्टा कारखान्यातच ठरलेला असतो, त्यामुळे घरी बसून सेटिंग बदलून हे दुरुस्त होत नाही.

एफसीसीच्या खुणेचा अर्थ इतकाच की ते यंत्र अमेरिकेच्या नियमांत बसते. आपल्याकडे दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग, म्हणजे डब्ल्यूपीसी, हे काम पाहते. बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हीदेखील कायद्याने परवानगीची बाब आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यात ते होते आणि २०२३ च्या दूरसंचार अधिनियमातही आहे. आपण रोज ब्लूटूथ आणि वाय-फाय बिनदिक्कत वापरतो, ते काही पट्ट्यांना सरकारने परवान्यातून सूट दिली आहे म्हणून. २.४ ते २.४८३५ गीगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला ही सूट जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने मिळाली. अनेकांना वाटते की कमी शक्तीचे, छोटेसे यंत्र असले की सगळे माफ असते. तसे नाही. सूट ठरावीक पट्ट्याला, ठरावीक शक्तीच्या मर्यादेत मिळते, आणि शिवाय त्या मॉडेलला डब्ल्यूपीसीची इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, म्हणजे ईटीए, असावी लागते.

ही ईटीए ग्राहकाने काढायची नसते. उत्पादक किंवा आयातदार ती ‘सरल संचार’ पोर्टलवर घेतो. तुमचे काम एवढेच की खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून तिची प्रत मागावी आणि तिच्यावरचा मॉडेल क्रमांक बेसच्या तळाशी असलेल्या लेबलाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावा, कारण एकाच नावाच्या हेडसेटची अमेरिकी, युरोपीय आणि भारतीय रूपे बाहेरून हुबेहूब सारखी दिसतात आणि फरक बहुधा क्रमांकाच्या शेवटच्या एकदोन अक्षरांतच असतो. वायरलेस हेडफोन भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीतही येतात. म्हणून ब्यूरोची खूण आणि त्याखालचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक पाहावा. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पडताळता येतो. अमेरिकेतून आलेल्या हेडसेटच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले आहे का, हेही कधी पाहिले जात नाही. नुसते १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो.

तुमच्या कामासाठी, टेबलावरच्या फोनला जोडता येईल असा बेस असलेला आणि भारतात रीतसर विकला जाणारा ब्लूटूथ हेडसेट घ्यावा असे माझे मत आहे. भिंतीपलीकडे गेल्यावर तो डेक्टइतका टिकणार नाही, पण तुमच्या बाई खुर्चीवर बसूनच बोलतात. पुतण्या परत जाईल तेव्हा त्याचा हेडसेट त्याच्याबरोबर द्या. तिथे तो पूर्ण कायदेशीर आहे.

आता जोडणी. नव्या हेडसेटलाही हीच अडचण येऊ शकते, म्हणून नीट सांगतो. आधी हेडसेट पूर्ण चार्ज करा. फोनच्या रिसीव्हरची कुरळी वायर फोनच्या बाजूने काढा आणि ती बेसवरच्या रिसीव्हरच्या खाचेत लावा. बेसबरोबर आलेली छोटी वायर फोनच्या रिकाम्या झालेल्या खाचेत लावा. म्हणजे बेस हा फोन आणि रिसीव्हर यांच्या मधोमध आला. या वायरीत चार तारा असतात, दोन बोलण्याच्या आणि दोन ऐकण्याच्या, आणि त्यांचा क्रम प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये सारखा नसतो. तुम्हाला ऐकू येते पण तुमचे जात नाही, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. त्यासाठी बेसच्या तळाशी किंवा कडेला एक बारीक सरकती खटकी असते, तिच्याशेजारी ए, बी, सी अशी अक्षरे असतात. रिसीव्हर उचलून बाजूला ठेवा, हेडसेट कानाला लावा आणि पेनाच्या टोकाने खटकी एकेक घर सरकवत जा. ज्या घरात डायल टोन स्वच्छ, खरखरीशिवाय येतो, ते घर बहुधा बरोबर असते. खात्री करायची तर दुसऱ्या खोलीतल्या सहकाऱ्याच्या मोबाइलवर फोन लावून त्याच्याशी बोला. त्याला आवाज घुमल्यासारखा आला, तर बेसवरचे माइकचे बटण कमी करा. ते सगळ्यांत खालच्या आकड्यापासून सुरू करून एकेक वाढवावे. बहुतेक जण उलटे करतात.

एक गोष्ट विसरू नका : एवढे केल्यावरही फोन उचलण्यासाठी रिसीव्हर हातानेच उचलावा लागतो. ते टाळायचे असेल तर रिसीव्हरखाली बसणारा छोटा लिफ्टर किंवा तुमच्या फोनच्या मॉडेलसाठीची खास हुकस्विच केबल वेगळी घ्यावी लागते. मान वाचवायची असेल तर हा खर्च टाळू नये.

प्रश्न : आमच्या दवाखान्याच्या रिसेप्शनवर ब्लूटूथ हेडसेट आहे. दुपारी बोलताना आवाज तुटतो. याची तक्रार कुठे करावी?

उत्तर : तक्रारीने काही साधणार नाही. २.४ गीगाहर्ट्‌झची सूटच अशा अटीवर आहे की तुम्ही इतरांना अडथळा करायचा नाही आणि इतरांचा झाला तर संरक्षण मागायचे नाही. ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उडी मारून मोकळी जागा शोधते. तरी वाय-फायचा राउटर बेसला चिकटून असेल, किंवा जेवणाच्या वेळी शेजारच्या खोलीत मायक्रोवेव्ह चालू असेल, तर जागा अपुरी पडते. तुमच्या ‘दुपारी’ या शब्दावरून मला मायक्रोवेव्हचाच संशय येतो. राउटर ५ गीगाहर्ट्‌झवर घ्या, आणि हेडसेट ज्या कानाला असतो त्या बाजूला बेस ठेवा. या लहरी माणसाच्या शरीरातून नीट आरपार जात नाहीत.

प्रश्न : लँडलाइनला हेडसेट लावण्यापूर्वी टेलिफोन कंपनीला कळवावे लागते का?

उत्तर : नाही. तो रिसीव्हरच्या जागी बसतो, लाइनला लागत नाही. मात्र रिसीव्हरच्या वायरीचा प्लग लाइनच्या प्लगपेक्षा सुमारे दोन मिलिमीटर अरुंद असल्यामुळे भिंतीवरच्या लाइनच्या खाचेतही सैलसर शिरतो. तिथे सुमारे ४८ व्होल्ट असतात आणि घंटी वाजताना त्याहून बरेच जास्त. हेडसेटचा बेस तिथे लावला तर तो कायमचा जाऊ शकतो.