एमिरेट्स आयडी भुसावळला हरवलं, परतीचं विमान आठ दिवसांवर

ताई, तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: मिस्टर शारजात नोकरीला, सुट्टीवर अमळनेरला आलेत. भुसावळ स्टेशनवर पाकीट गेलं आणि त्यात एमिरेट्स आयडी, म्हणजे यूएईच्या (संयुक्त अरब अमिरातीच्या) रहिवाशांचं ओळखपत्र, होतं. पासपोर्ट घरी शाबूत आहे, आठ दिवसांनी मुंबईहून विमान आहे, आणि ओळखीतला एजंट सांगतोय की आता नवा व्हिसा काढावा लागेल.

नवा व्हिसा लागत नाही. एजंटला एक रुपयाही देऊ नका.

हे कार्ड म्हणजे रहिवासाचा, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचा (रेसिडेन्सी व्हिसाचा), पुरावा; रहिवास नव्हे. रहिवास तिकडच्या सरकारच्या संगणकात पासपोर्ट नंबरशी जोडलेला असतो, आणि कार्ड हरवल्याने ती नोंद पुसली जात नाही. गोंधळ होतो तो २०२२ पासून पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर चिकटवणं बंद झाल्यामुळे. आधी कार्ड हरवलं तरी पासपोर्टच्या पानावर रहिवास डोळ्यांना दिसायचा. आता पासपोर्ट उघडला तर काहीच दिसत नाही आणि माणूस घाबरतो. एजंट नेमका त्याच भीतीवर पैसे कमावतो. कोणी ‘व्हिजिट व्हिसावर पाठवून देतो’ म्हणालं, तर अजिबात ऐकू नका. रहिवास चालू असताना तो मार्ग घेतला तर सरळ असलेली फाईल गुंतते.

आज रात्रीच रहिवास चालू आहे याची खात्री करून घ्या. आयसीपी, म्हणजे तिकडचं ओळखपत्र आणि रहिवासाचं खातं. त्याच्या वेबसाइटवर ‘फाईल व्हॅलिडिटी’ नावाची सेवा आहे. त्यात ‘पासपोर्ट’ आणि ‘रेसिडेन्सी’ निवडा, मग पासपोर्ट नंबर, त्याची मुदत आणि राष्ट्रीयत्व भरा. फाईल ‘ॲक्टिव्ह’ आहे की नाही आणि कधीपर्यंत, ते समोर येतं. त्या पानाच्या दोन प्रिंट काढा. फाईल नंबरही लिहून ठेवा. शारजाच्या फाईली ३०१ ने सुरू होतात, दुबईच्या २०१ ने, अबुधाबीच्या १०१ ने. दुबईचा व्हिसा असलेल्यांची फाईल दुबईच्या वेगळ्या रहिवास खात्याकडे, जीडीआरएफएकडे असते. तुमचं शारजा आहे, त्यामुळे आयसीपीवरच बघा.

इथे दोन गोष्टी लोकांना अडकवतात. एक म्हणजे सहा महिन्यांचा नियम. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं तर साधा नोकरीचा रहिवास रद्द होऊ शकतो. मिस्टर कधी निघाले ती तारीख पासपोर्टवरच्या इमिग्रेशनच्या शिक्क्यावरून मोजा, आठवणीवर जाऊ नका. दुसरी गोष्ट, या सुट्टीत पासपोर्ट नवा करून घेतला असेल तर रहिवास अजून जुन्या नंबरवरच आहे. अशा वेळी वेबसाइटवर जुना नंबर टाका आणि प्रवासात दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवा. नवा नंबर टाकून ‘नोंद सापडली नाही’ असं आलं की लोकांना वाटतं व्हिसा गेला. तसं नसतं.

आता कार्डावरचा आयडी नंबर. तो ७८४ ने सुरू होतो, पुढे जन्मसाल, मग सात आकडे आणि शेवटी आणखी एक आकडा, असे एकूण १५ आकडे. हा नंबर माणसाला जन्मभर एकच राहतो, नव्या कार्डावरही तोच येतो. कार्डाच्या मागच्या बाजूला जो वेगळा कार्ड नंबर असतो, तो मात्र बदलतो. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये नसेल तर कंपनीच्या पीआरओकडे, म्हणजे कामगारांच्या व्हिसाची सरकारी कामं बघणाऱ्या माणसाकडे, झेरॉक्स असतेच, व्हॉट्सॲपवर मागवा. मिस्टरांच्या मोबाईलमध्ये आयसीपीचं ॲप किंवा यूएई पास (तिकडच्या सरकारचं डिजिटल ओळखीचं ॲप) असेल तर त्यात कार्डाची डिजिटल प्रत आहे. ती उघडते का बघा आणि स्क्रीनशॉट घ्या. यासाठी तिकडचं सिम सुरू पाहिजे, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो. बरेच जण सुट्टीत ते सिम काढून डब्यात ठेवतात आणि बॅलन्स संपू देतात. आधी ते फोनमध्ये घाला, रोमिंग चालू करा, रिचार्ज मारा.

पोलिस तक्रार द्या. पाकीट रेल्वेच्या हद्दीत गेलं असेल तर ती भुसावळच्या लोहमार्ग पोलिसांकडे, गावातल्या ठाण्यात नको. तिथून इथे, इथून तिथे असं फिरवाफिरवी होते ती याच कारणाने. तक्रारीत ‘पाकीट हरवले’ एवढंच मोघम लिहू नका. कार्डाचं पूर्ण नाव, १५ आकडी नंबर आणि पासपोर्ट नंबर इंग्रजी अक्षरांत लिहून द्या आणि शिक्क्याची प्रत मागा. मराठी कागद तिकडे कोणी वाचणार नाही, पण नंबर इंग्रजीत असले की कागद उपयोगी पडतो. पाकिटात तिकडचं बँक कार्ड असेल तर ते बँकेच्या ॲपवरून आधी ब्लॉक करा, तक्रारीच्याही आधी.

त्याच दिवशी कंपनीच्या पीआरओला लेखी कळवा, व्हॉट्सॲप चालेल. लोक हे टाळतात, साहेब रागावेल म्हणून. पण विमानतळावर काही अडलं तर तिकडून फाईलची प्रत पाठवणारा तोच माणूस आहे.

मुंबईला खरी अडचण इमिग्रेशनवर कमी आणि एअरलाइनच्या काउंटरवर जास्त येते. काउंटरवरचा मुलगा आयडी मागतो, कारण रहिवास नसलेल्या माणसाला नेलं तर परत आणण्याचा खर्च एअरलाइनवर पडतो. त्याला सांगायचं: कार्ड हरवलं आहे, रहिवास पासपोर्टवर चालू आहे, सिस्टिममध्ये पासपोर्टवरून तपासा. एअरलाइनला तशी तपासणी करता येते. सोबत फाईल व्हॅलिडिटीची प्रिंट, कार्डाची झेरॉक्स, पोलिस तक्रार आणि कंपनीचं पत्र एका प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवा. नुसता मोबाईल पुढे करू नका. बॅटरी नेमकी तिथेच संपते आणि मागे रांग ओरडत असते. एअरलाइनला दोन दिवस आधी ईमेल करून ठेवलं तर आणखी बरं. त्यांचं उत्तरही छापून घ्या.

मिस्टरांच्या पासपोर्टवर ईसीआर असेल, म्हणजे दहावी पास नसल्याने इमिग्रेशन तपासणी लागणारा पासपोर्ट असेल, तर आपल्या इमिग्रेशनवालेही रहिवासाचा पुरावा मागू शकतात. ईसीआरच्या १८ देशांत यूएई येतो. म्हणून प्रिंट दोन सांगितल्या. आणि गाडीचं सांगायलाच हवं: विमान पहाटेचं असेल तर आदल्या संध्याकाळी मुंबईत पोहोचेल अशी गाडी धरा. एरवी चालतं तसं ‘गाडी लेट झाली तरी पोचू’ हे गणित या वेळी नको, कारण काउंटरवर तासभर जास्त लागणार हे धरूनच चला.

तिकडे उतरल्यावर पासपोर्टवर आत जाता येतं. त्यानंतर मात्र ढिलाई नको. आयसीपीच्या ग्राहक केंद्रात जाऊन जुनं कार्ड हरवल्याची नोंद करून ते बंद करायचं आणि ‘रिप्लेसमेंट’चा अर्ज भरायचा. सोबत मूळ पासपोर्ट लागतो. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतला असेल तर मागून घ्या. कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवायला तिथल्या नियमांत परवानगी नाही.

फी अशी: हरवलेल्या कार्डाच्या बदल्यात नवं मिळण्याचे ३०० दिरहॅम. त्यावर अर्जाचे, टायपिंग सेंटरमधून (सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानातून) भरला तर ७०, स्वतः वेबसाइटवर भरला तर ४०. तातडीने हवं असेल तर आणखी १५०, त्यात कार्ड २४ तासांत मिळतं, पण ही सोय मुख्य केंद्रांवरच आहे. साध्या मार्गाने ३४० ते ३७० दिरहॅम धरा, म्हणजे आठ हजार रुपयांच्या आसपास. मधल्या काळात डिजिटल प्रत दाखवता येते, त्यामुळे तातडीचे १५० प्रत्येकाने भरावेत असं मला वाटत नाही. बँकेत किंवा दवाखान्यात चिपचं कार्ड लगेच लागणार असेल तरच भरा.

टायपिंग सेंटरमध्ये पैसे देण्याआधी स्क्रीनवरचा अर्ज स्वतः वाचा. तीनच गोष्टी बघायच्या. अर्जाचा प्रकार ‘रिप्लेसमेंट’ आहे ना? घाईत ‘रिन्यूअल’ दाबलेलं असतं आणि मग अर्ज परत येतो. मोबाईल नंबर मिस्टरांचाच आहे ना? टायपिस्ट कधी कधी सेंटरचा किंवा पीआरओचा नंबर टाकतो, मग सगळे मेसेज तिकडे जातात आणि कार्ड कुठे आहे ते यांना कळतच नाही. आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे, वडिलांच्या नावासकट, आहे ना? आपल्याकडची तीन भागांची नावं तिकडे हमखास तुटतात.

रहिवासाची मुदत महिन्या-दोन महिन्यांतच संपत असेल तर रिप्लेसमेंटचे पैसे भरण्याआधी पीआरओला विचारा. नवीन मुदतीबरोबर नवं कार्ड येणारच असतं. मात्र हरवल्याची नोंद तरीही लगेच करायची. आणि मुदत संपून ३० दिवस उलटले की उशिराचा दंड दिवसाला २० दिरहॅम, जास्तीत जास्त १,०००, हे लक्षात ठेवा.

नवं कार्ड आलं की बँकेत आणि मोबाईल कंपनीत ते अपडेट करा. जुनं कार्ड नंतर भुसावळच्या एखाद्या भल्या माणसाने आणून दिलं तरी ते वापरू नका, ते बंद झालेलं असतं.

शेवटचं, पण विसरू नका: अर्ज केल्यावर ‘तुमचं कार्ड पोस्टात अडकलंय, थोडे दिरहॅम भरा’ असा लिंकवाला मेसेज येऊ शकतो. ती फसवणूक आहे. तसा मेसेज तुमच्या फोनवर आला तरी लिंक उघडू नका. कार्डाची स्थिती आयसीपीच्या ॲपमध्ये अर्जाच्या नंबरावरूनच बघा.

पासपोर्टही त्याच पाकिटात गेला असता तर रस्ता वेगळा होता: तक्रार, इथे पासपोर्ट रीइश्यू, मग कंपनीमार्फत तिकडच्या खात्याची परवानगी. ते करणाऱ्याने आठ दिवसांचं तिकीट आधी पुढे ढकलावं. तुमच्या बाबतीत तिकीट बदलायची गरज नाही. फाईल ‘ॲक्टिव्ह’ दिसली की इथे कळवा, आणि जी तारीख दिसेल ती लिहा.