नोट्सची परफेक्ट पद्धत बसवण्याच्या नादात नोट्सच राहून जातात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वर्षभरात तीन ॲप बदलली, टॅग अजून ठरेनात, आणि नोट चुकीच्या जागी पडेल या धास्तीनं आता लिहिणंच थांबलंय. माझेही आठ महिने असेच गेले. ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपमध्ये ४३ फोल्डर, ७ टेम्प्लेट, विषयागणिक वेगळा रंग. आणि नोट्स किती? ६१. त्यातल्या १९ तर 'नोट्स कशा काढाव्यात' याच विषयावर!

मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून भाग बनवतात तिथं) क्वालिटी बघतो. एका पावसाळ्यात एका जॉबला ब्लो होल (वायू अडकून धातूत पडणारी पोकळी) यायला लागले आणि माल परत आला. हाच त्रास आदल्या वर्षीही झाला होता आणि मी त्याची नोट केली होती, एवढं पक्कं आठवत होतं. पण ती 'डिफेक्ट'मध्ये ठेवली, 'सँड'मध्ये, की कस्टमरच्या नावाखाली? टॅग 'फौंड्री' होता की 'फाउंड्री'? अर्धा तास गेला. मोल्डिंगचे मामा शेजारीच उभे होते. त्यांनी आपलं तेलाच्या डागांचं रजिस्टर काढलं, "टेंबलाईच्या यात्रेच्या आसपासचं असंल बघा," म्हणत चार पानं उलटली आणि बोट ठेवलं. वाळूत ओल जास्त, मॉइश्चर उतरवलं, व्हेंट (साच्यातला वायू बाहेर जायच्या वाटा) वाढवले. तीन ओळी. त्या रजिस्टरला ना अनुक्रमणिका ना विषय, नुसत्या तारखा.

घरी जाताना रोज डोळ्यांसमोर असलेली एक गोष्ट नव्यानं दिसली. साच्यातून निघालेलं कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, खडबडीतच असतं. फेटलिंग, म्हणजे वाळू आणि जास्तीचा धातू काढून साफसफाई, झाल्यावरही त्याला सगळ्या अंगानं कुणी मशीनिंग करत बसत नाही. जिथं बेअरिंग बसणार, गॅस्केट येणार, तेवढेच पृष्ठभाग मशीनवर घ्यायचे. त्यासाठी पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) करतानाच तिथं दोन-तीन मिलिमीटर जास्तीचे ठेवलेले असतात. बाकीच्या अंगाला रंग मारला की माल गाडीत. सगळंच गुळगुळीत करायला घेतलं तर मालक दुसऱ्या दिवशी घरी बसवेल.

तेव्हापासून नोट खडबडीतच टाकतो. वर तारीख, आणि शीर्षकात नंतर शोधताना मी जे टाइप करेन तेच वाक्य: 'पावसात ब्लो होल, वाळू ओली'. फोल्डर नाही. पुढं कधी तीच नोट परत उघडायची वेळ आली तरच तिला हात लावायचा. तेव्हा भाषा नीट करतो, दुसऱ्या नोटेशी लिंक जोडतो. बहुतेक नोट्सवर ती वेळ येतच नाही. त्यांच्यावर घालवलेला वेळ वाया गेला असता.

मराठीत नोट्स काढत असाल तर एक सांगतो. आपल्या टॅगचा निम्मा गोंधळ स्पेलिंगचा असतो. फौंड्री-फाउंड्री, ऱ्हस्व-दीर्घ, कधी मराठी शब्द तर कधी इंग्रजी. यावर नियमावली करू नका (मी केली होती, दोन पानी). नोटेच्या तळाशी एका ओळीत दोन्ही-तिन्ही रूपं लिहून टाका, सर्चमध्ये कुठलंही सापडतं.

झेटेलकास्टेनचे, म्हणजे सुट्या चिठ्ठ्या एकमेकींशी जोडत नोट्स काढायच्या पद्धतीचे, व्हिडिओ बघून ही धास्ती आली असेल, तर त्या पद्धतीचं नाव ज्याच्याशी जोडलंय त्या निकलास लुमानचंच बघा. हा जर्मन समाजशास्त्रज्ञ १९९८ मध्ये वारला, मागे सुमारे ९०,००० चिठ्ठ्या ठेवून. त्यातल्या साधारण २३,००० पहिल्या संग्रहातल्या, १०८ विषयांत वाटलेल्या. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यानं नवा संग्रह सुरू केला, त्यात मोठे विभाग फक्त ११. म्हणजे हजारो चिठ्ठ्या हातावेगळ्या झाल्यावर त्याची मांडणी बदलली. आपण पहिल्या चिठ्ठीआधीच ११ की १०८ यावर अडून बसतो.

ॲप कुठलं, याला फारसं महत्त्व देऊ नका. आत्ता जे उघडं आहे तेच चालेल. जुनी सगळी फोल्डरं एका 'जुनं' नावाच्या फोल्डरात टाका, आवरायला घेऊ नका. माझी ४३ तिथंच पडून आहेत. दोन वर्षांत त्यातल्या चार नोट्स लागल्या, चारही सर्चनं मिळाल्या.

खाज मात्र जात नाही. म्हणून शनिवारी रात्री वीस मिनिटं, मोबाइलवर टायमर लावून, काय ती रंगरंगोटी करून घेतो. परवाच्या शनिवारी फाँट बदलला. रविवारी परत पहिलाच लावला.