आजींना थेरपिस्ट आज हवी आहे, पाच वर्षांनी नाही

प्रश्न: माझ्या सासूबाईंना अकरा महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. आता काठी धरून चार पावलं चालतात, पण बाकी सगळं माझ्या मुलीला करावं लागतं. ती बारावी सायन्सला आहे. आजीला भरवणं, आंघोळ, कपडे, सगळं तीच मायेने करते. सासूबाई रोज अर्धं ताट तसंच टाकतात, त्यावरून घरात वाद होतात. मोठा मुलगा नोकरीला आहे, त्याचा स्वभाव या कामाचा नाही. मुलीच्या मार्कांवर एमबीबीएस मिळेलसं वाटत नाही, म्हणून आम्ही तिच्यासाठी ऑक्युपेशनल थेरपीचं ठरवलं आहे. सेवेची तिला सवय आहेच, शिवाय घरातही उपयोग होईल. तिच्या डोक्यात मात्र डिझाइनचं खूळ आहे. परवा अभ्यास सोडून आजीच्या गाऊनची बटणं उसवून वेल्क्रो शिवत बसली होती. तुम्ही फोनवर तिला समजावून सांगाल का? – एक आई

उत्तर: ताई, मुलीला मी समजावणार नाही. समजावायचं झालं तर ते तुम्हालाच, आणि ते इथेच करते.

तुमच्या पत्रातल्या मार्कांनी मला काळजी वाटली नाही. वाटली ती 'घरातही उपयोग होईल' या शब्दांनी. मुलाचा स्वभाव या कामाचा नाही, हे तुम्ही एका ओळीत मान्य करून टाकलंत. मुलीच्या स्वभावाची तेवढीच दखल घेतली असती, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. बारावीच्या वर्षात एका आजारी माणसाचं सगळं करणारी मुलगी तिच्या मार्कांसाठी बोलणी खाते आहे, हेही मला खटकलं. तुम्ही वाईट वागताय असं मी म्हणत नाही. घरात असा आजार आला की सगळेच ओढले जातात आणि जे माणूस 'नाही' म्हणत नाही त्याच्या अंगावर सगळं पडतं. पण त्यातून त्या माणसाचं करिअर ठरवू नये.

हिशोब म्हणूनही तुमचा बेत बसत नाही. पदवी इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षांची. मुलगी शिकून बाहेर पडेपर्यंत सासूबाई भरवूनच घेत राहणार का? त्यांना थेरपिस्ट या महिन्यात हवी आहे. आणि ती नात नसलेली बरी. नातीसमोर 'मला नाही जमत' म्हणणारी आजी परक्या माणसासमोर बऱ्याचदा प्रयत्न करते.

आता तुमच्या सर्वांत मोठ्या गैरसमजाकडे येते, कारण तो फार घरांत आहे. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे सेवा, असं तुम्ही धरून चालला आहात. ते जवळजवळ उलट आहे. आजारी माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत, यासाठीचा हा उपचार आहे. सेवा करणारा माणूस काम स्वतः करून मोकळा होतो, थेरपिस्ट मात्र हात मागे घेऊन बसते. सासूबाई गाऊन कसा घालतात, नेमक्या कुठल्या टप्प्यावर अडतात, ते अडणं ताकदीचं आहे, तोल जाण्याचं, दिसण्याचं की पुढची पायरी न आठवण्याचं, हे ती पाहते. एकच काम चार कारणांनी अडू शकतं आणि चारही कारणांवरचे उपाय वेगळे असतात. मग ती त्या कामाचे तुकडे करते. पाय जमिनीला नीट टेकतील अशा खुर्चीत बसायचं. आधी लुळा हात बाहीत, बाही खांद्यापर्यंत वर, मग पाठीमागून कपडा ओढून चांगला हात. काढताना उलट, चांगला हात आधी. लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा दुखावतो. पहिल्या दिवशी यात अर्धा तास जाईल आणि तुमच्या मुलीला तेच काम तीन मिनिटांत उरकता येईल. पण तो अर्धा तास म्हणजेच उपचार आहे.

तीन मिनिटांत उरकण्याची किंमतही समजून घ्या. लुळा हात वापरात राहिला नाही की मेंदू त्याला आणखी वगळत जातो, आणि जे थोडं परत येऊ शकलं असतं तेही येत नाही. याच निरीक्षणावरून एक उपचारपद्धती निघाली. तीत चांगला हात दिवसातले काही तास बांधून ठेवतात आणि कमजोर हाताला कामाला लावतात. ती सगळ्यांना चालत नाही, हातात थोडी तरी हालचाल शिल्लक लागते. पण भरवून घेणाऱ्या माणसाला कुठली पद्धत चालेल, हे तपासायची वेळच येत नाही.

'एवढं तर घरच्यालाही कळेल' असं वाटत असेल, तर एक उदाहरण देते. मानेच्या सहाव्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाची बोटं हलत नाहीत, पण त्याला मनगट वर उचलता येतं. मनगट वर गेलं की बोटांच्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांना, ताण बसतो, बोटं आपोआप आत वळतात आणि अंगठा तर्जनीला टेकतो. मनगट खाली सोडलं की पकड उघडते. एवढ्या भांडवलावर तो माणूस चमचा धरतो, दात घासतो, कागद उचलतो. म्हणून अशा रुग्णात थेरपिस्ट त्या कंडरा मुद्दाम थोड्या आखूड राहू देते. घरचं कुणी मायेने रोज मनगट आणि बोटं एकदमच मागे ताणून मालिश करत राहिलं, तर ही पकड कायमची जाऊ शकते. पदवी लागते ती यासाठी. शरीररचना, मेंदूशास्त्र, मानसशास्त्र शिकावं लागतं, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाच्या किमान निकषानुसार प्रत्यक्ष रुग्णांबरोबर 1,000 तास काम करावं लागतं. 'डॉक्टरकी नाही तर निदान हे तरी' म्हणून टाकलेल्या मुलांना ते तास फार जड जातात.

सासूबाईंच्या अर्ध्या ताटाबद्दल. ते अर्धं कुठलं, हे कुणी पाहिलंय का? डावी बाजू गेलेल्या काही रुग्णांच्या बाबतीत मेंदू डावीकडच्या जगाची दखलच घेत नाही. डोळे चांगले असतात, भूकही असते, पण ताटाचा डावा अर्धा भाग त्यांच्या लेखी नसतोच. अशी माणसं केसांची एकच बाजू विंचरतात, डाव्या चौकटीला धडकतात. तुमच्याकडे तसंच आहे की नाही हे तपासणारी व्यक्तीच सांगेल, पण तोवर ताट फिरवून पाहा. फिरवल्यावर उरलेलं संपलं, तर रोजचे वाद विनाकारण होते. मग थेरपिस्ट त्यांना ठळक रंगाच्या पट्टीसारखी खूण देऊन नजर मुद्दाम डावीकडे न्यायला शिकवेल.

अकरा महिने झाले म्हणून उशीर झाला असं समजू नका. नैसर्गिक सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते हे खरं. पण एका हाताने काम करायची रीत, योग्य साधनं आणि घरातले बदल यांना मुदत नसते. ताटाखाली न सरकणारी चटई, जाड मुठीचा चमचा, शौचालयात भक्कम दांडा, उंच केलेली बैठक. बार्थेल इंडेक्स नावाची 1965 साली प्रसिद्ध झालेली एक मोजपट्टी आहे. जेवण, आंघोळ, कपडे, शौच, जिना चढणं अशी दहा कामं आणि एकूण 100 गुण. तिचा एक नियम मला फार आवडतो: माणूस काय करू शकेल याला गुण नाहीत, प्रत्यक्ष काय करतो यालाच आहेत. तुमच्या घरात सासूबाईंचे बरेच गुण सध्या नातीच्या नावावर जमा होतात.

आणि ताई, ते वेल्क्रो! सगळ्या पत्रात ऑक्युपेशनल थेरपी एकाच ठिकाणी घडली आणि नेमकी तिथेच तुम्ही वैतागलात. एका हाताने बटण लागत नाही, तर बटणच बदलू, हा विचार मुलीने कुणी न शिकवता केला. ही नजर थेरपिस्टची आहे. ती डिझायनरचीही आहे, म्हणून तिच्या 'खुळा'ची थट्टा करू नका. 1917 मध्ये अमेरिकेतल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी या व्यवसायाची पहिली संघटना ज्याच्या घरी स्थापन झाली तो जॉर्ज बार्टन व्यवसायाने वास्तुरचनाकार होता. त्याची स्वतःची डावी बाजू लुळी पडली होती आणि सुतारकाम, बागकाम करत तो उभा राहिला होता. तेव्हा डिझाइन आणि ही थेरपी यांत तुम्ही समजता तेवढं अंतर नाही. चाकाची खुर्ची, कृत्रिम साधनं, वृद्धांना वापरता येतील अशी घरं, इथे दोन्हीकडची माणसं एकत्र काम करतात.

तरीही तिने हे क्षेत्र निवडावं असं मी म्हणत नाही. काम संथ आहे. भाजलेल्यांचे वॉर्ड, मनोरुग्ण, स्वमग्न मुलं, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण, सगळीकडे नातेवाइकांना घाई असते आणि प्रगती बोटभर होते. लोक तुम्हाला फिजिओ म्हणतात, आणि ते दुरुस्त करण्यात निम्मं आयुष्य जातं. शिवाय घरात हे सगळं करून दमलेल्या मुलीला व्यवसाय म्हणूनही तेच नको असेल, तर तो तिचा हक्क आहे. प्रवेशाचा मार्ग अवघड नाही: बारावीला जीवशास्त्र, प्रवेश परीक्षा, मग पदवी. त्याआधी परीक्षा संपल्यावर तिला एखाद्या पुनर्वसन विभागात परवानगी काढून काही दिवस नुसतं बसू द्या, आणि एखाद्या डिझाइन कॉलेजातही जाऊन येऊ द्या. नंतर ती काय म्हणते ते ऐका. मध्ये बोलू नका.

सासूबाईंसाठी मात्र थांबू नका. त्यांच्या डॉक्टरांकडून ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी चिठ्ठी घ्या आणि पहिली तपासणी शक्यतो घरीच करायला सांगा, कारण अडचणी न्हाणीघरात आणि खाटेजवळ आहेत, दवाखान्यात नाहीत. प्रत्येक वेळी थेरपिस्ट घरच्या एका माणसाला जवळ बसवून शिकवते. त्या वेळी मुलीला अभ्यासाला पाठवा आणि तिच्या जागी मुलाला बसवा.